बारदाना वजा जाता

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आपल्या घरचा माल स्वतः मोजत नाही. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण पाळलं जातं. घरच्या शेतातला दोन पोती हरभरा असला तरी मापाडी काट्याकडे पाठ करून उभा राहतो आणि आकडा दुसरा मापाडी पुकारतो. म्हणूनच व्यंकटीने स्वतःचं वजन मोजायला घेतलं तेव्हा तो काट्यावर चढला खरा, पण तोंड त्याने गोदामाच्या भिंतीकडे केलं, आणि आकडा वाचायचं काम आपोआप दुसरे मापाडी, हणमंतअण्णा, यांच्याकडे गेलं.

ते साल दुष्काळाचं होतं. पावसाळा कोरडा गेला होता. एरवी दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनच्या ढिगांमधून चालायला वाट मिळत नसे; त्या वर्षी तिथे कुत्री पाय ताणून झोपली होती. काटे रिकामे होते आणि हमाल रिकाम्या पोत्यांवर बसून पत्ते पिसत होते. अशाच एका गुरुवारी, दुपारी, व्यंकटीने चपला काढल्या आणि काट्यावर पाय ठेवला.

"एकशे पाच!" अण्णांनी मालाचा आकडा पुकारावा तसा खणखणीत आवाज दिला. मग जिभेच्या सवयीने पुढे म्हणाले, "बारदाना एक किलो वजा. एकशे चार."

हमाल खो खो हसले. पोत्यामागे गोणपाटाचा म्हणून किलोभर वजा करायची मोंढ्याची रीत. अण्णांनी व्यंकटीच्या शर्ट-पँटला बारदाना धरलं होतं. लिंबाजी हमाल पत्ते खाली ठेवून म्हणाला, "आण्णा, मालात ओल बी हाय. वाळवून घ्या जरा."

व्यंकटीही हसला. लठ्ठ माणसाला आपल्यावरच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसणं फार लवकर शिकावं लागतं. अण्णांनी खडूने भिंतीवर १०४ लिहिलं, आणि त्याच्या खूप खाली, जवळजवळ जमिनीलगत, ८४.

"मधली भिंत तू भरायची," अण्णा म्हणाले. "दर गुरुवारी."

चौऱ्याऐंशीचा आकडा नांदेडहून आला होता. व्यंकटीची थोरली बहीण पंचफुलाअक्का लातूरला राहत असे. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याला दोन वर्षं झाली होती आणि आठवड्यातून दोनदा तिचं रक्त मशीनवर धुतलं जात होतं. मेहुण्यांचा रक्तगट जुळला नाही, व्यंकटीचा जुळला. नांदेडच्या डॉक्टरांनी त्याचे सगळे कागद पाहिले, त्याला पलंगावर झोपवून पोट चाचपलं, आणि हात धुता धुता सांगितलं, "मूत्रपिंड उत्तम आहे. पण या वजनावर तुम्हाला शस्त्रक्रियेला घेणं धोक्याचं. तुमच्या उंचीला चौऱ्याऐंशी किलो. त्याच्या आत या, मग पुढचं बोलू."

वीस किलो. व्यंकटीच्या धंद्यात वीस किलो म्हणजे काहीच नव्हतं. चांगल्या हंगामात तेवढं धान्य दिवसभरात काट्याभोवती सांडत असे आणि चिमण्या ते टिपून जात. स्वतःच्या अंगावरून मात्र ते कुठून आणि कसं उतरवायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ते अंगावर चढवलं होतं अक्कानेच. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि अक्का चौदाची. वडील साहेबराव याच मोंढ्यात पाठीवर पोती वाहत. चूल अक्काकडे आली, आणि चुलीबरोबर एक भीतीही आली, की लोक म्हणतील, आईविना पोर वाळलं. ती त्याला शाळेतून आल्यावर भरवी, खेळून आल्यावर भरवी, रडला तरी भरवी. तिने त्याला वाळू दिलं नाही. आता तिचं स्वतःचं वजन अडतीस किलो होतं.

हे गणित व्यंकटी कुणाशी बोलला नाही. तो एकूणच कमी बोलत असे. मापाड्याने दिवसभर इतके आकडे मोठ्याने पुकारायचे असतात की संध्याकाळी घशात शब्द उरत नाहीत, असं तो स्वतःला सांगे. पण मूळचा स्वभावच तसा होता.

पहाटे उजाडायच्या सुमाराला तो घरातून निघे, स्टेशनपर्यंत चालत जाई आणि परत येई. पहिल्या आठवड्यात धाप लागे, मांड्या घासून सोलवटत. पण त्याहून जास्त त्याला टोचे ती टँकरची रांग. वाटेत एका चौकात बाया रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट पाहत उभ्या असत, आणि त्यांच्या समोरून हा शंभर किलोंचा गडी हात हलवत, कामाशिवाय, नुसता चालायला म्हणून चाले. तो मान खाली घालून पुढे सरके.

एके दिवशी रांगेतल्या नागुबाई नावाच्या म्हातारीने त्याला अडवलं.

"ए बाबा, रोज कुठं जाऊलालास?"

"कुठं न्हाई मावशी. वजन कमी करायला."

"अगं बया!" नागुबाईने बायांकडे बघितलं. "दुष्काळानं बी जमलं न्हाई व्हय तुझं?" रांग हसली. मग तिने दोन भरलेल्या घागरींकडे बोट केलं. "नुस्तं कामून चालतूस? ह्या घे. माजं घर तिथंच हाय, बोळात. तुजं बी व्हतंय, माजं बी व्हतंय."

तेव्हापासून येताना तो तिच्या दोन घागरी पोचवू लागला. त्यामुळे रांगेसमोरून जाताना मान वर ठेवता येऊ लागली, एवढं त्याला पुरेसं होतं.

भिंत भरू लागली. १०२. १००, त्या दिवशी लिंबाजीने पेढे मागितले आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. ९८. ९६. तेव्हा गावात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मागणी जोरात होती. तहसीलपुढे मांडव पडला होता, चौकाचौकात फलक लागले होते. लिंबाजी रोज वर्तमानपत्र हातात घेऊन विचारी, "बोला, आधी काय व्हतंय? उदगीर जिल्हा, का व्यंकटी चौऱ्याऐंशी?"

"व्यंकटी," अण्णा म्हणत. "जिल्ह्याला मुंबईची सही लागती. ह्याला न्हाई लागत."

जानेवारीच्या मध्याला भिंतीवर ९३ चढलं, आणि तिथेच थांबलं.

पहिल्या गुरुवारी ९३, दुसऱ्या गुरुवारी ९३, तिसऱ्याही. व्यंकटीने भाकरी अर्धी केली, रात्रीची भाकरी सोडली, चहातली साखर तर आधीच गेली होती. चौथ्या गुरुवारी ९३. घागरी तेवढ्याच जड होत्या, स्टेशन तेवढंच लांब होतं, पँट कमरेला दोरीने बांधावी लागत होती, आणि तरी काटा हलत नव्हता. पाचव्या गुरुवारनंतर तो मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला, भज्यांची प्लेट मागवली, ती संपवली, दुसरी मागवली. खाताना त्याला चव कळली नाही. नंतरचे चार दिवस तो चालायला गेला नाही. नागुबाईच्या घागरी कुणी नेल्या, हेही त्याने विचारलं नाही.

सहाव्या गुरुवारी तो काट्याजवळ आला तो चपला न काढता.

"अण्णा, राहू द्या. माझ्यानं न्हाई व्हायचं. त्या डॉक्टरला काय, आकडा सांगितला आणि मोकळा झाला."

"चढ," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"माल आलाय तर मोजायचा. परत न्यायचा का ठिवायचा, ते मागून बघू. चढ."

व्यंकटी चढला. भिंतीवर एकाखाली एक पाच त्र्याण्णव होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मागे अण्णा काट्याच्या आकड्यावर वाकले. मग आवाज आला, नेहमीपेक्षा जरा हळू.

"त्र्याण्णव, चारशे. बारदाना वजा. ब्याण्णव, चारशे."

व्यंकटीने गर्रकन वळून पाहिलं, पण तोवर अण्णा खडू घेऊन भिंतीकडे गेले होते आणि काट्यावरून उतरलेल्या पायाबरोबर आकडाही विझला होता. दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत घराबाहेर होता. नागुबाईने नुसत्या घागरी पुढे सरकवल्या.

त्यानंतर भिंत पुन्हा भरू लागली. ९१. ९० आणि थोडं. ८९. एप्रिल उजाडला. लातूरला पाणी रेल्वेने आलं. ती गाडी बघायला लोक मुलांना खांद्यावर घेऊन गेले. अक्काच्या मशीनला एका वेळी शंभराहून जास्त लिटर पाणी लागे, आणि कधी टँकर उशिरा आला की तिला तीन तासांची वाट पाहावी लागे. व्यंकटी भेटायला जाई तेव्हा ती बाजेवर बसून हसत असे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली तिच्या औषधांची पिशवी.

"डॉक्टरनं मला दिवसाला एक लिटरच्या वर पाणी बंद केलंय," ती म्हणे. "दोन वर्षं मी एकटी पथ्य पाळूलालते. आता बग, अख्ख्या लातूरला माजं पथ्य लागलंय."

आणि लगेच, "जेवलास का? दोन धपाटे तर खा."

"अक्का, तूच खाऊ घालून एवढं केलंस, आणि आता तुझ्यासाठीच उतरवूलालोय. अजून घालतीस?"

"अर्धं खा मग. अर्ध्यानं काय व्हतंय."

तो अर्धं खाई.

एप्रिलच्या तिसऱ्या गुरुवारी अण्णांनी ८६ पुकारलं. व्यंकटीने त्याच दिवशी नांदेडला फोन करून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. दोनच किलो राहिले होते. डॉक्टर पुढच्या तपासण्या सुरू करतील, तोवर तेही जातील, असा त्याचा हिशेब होता. अक्काचं सोमवारी मशीन झालं, आणि मंगळवारी दोघे लातूरहून बसने नांदेडला गेले. बसमध्ये अक्का खिडकीशी बसली होती. उघडे पडलेले नदीचे दगड मागे पळत होते. ती म्हणाली, "आईला किती बरं वाटलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण तुला काय झालं तर मी तिला तोंड दाखवणार न्हाई हां."

दवाखान्यात परिचारिकेने त्याला काट्यावर उभं केलं. इथे भिंतीकडे तोंड करायची रीत नव्हती. आकडा समोरच होता.

नव्वद, सहाशे.

व्यंकटीने बारदाना वजा केला. एकोणनव्वद, सहाशे. त्याने पुन्हा पाहिलं. मग उतरला, खिसे रिकामे केले, पुन्हा चढला. नव्वद, पाचशे.

"तुमचा काटा सरकलाय," तो म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात हो," परिचारिका म्हणाली.

पण व्यंकटी मापाडी होता. काट्याचा संशय आला तर मापाडी वाद घालत नाही. माहितीतलं वजन त्याच्यावर ठेवून बघतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्यात पाच किलोचं माप कुठून येणार? मग त्याची नजर बाकावर बसलेल्या बहिणीवर गेली. मशीनवर बसायच्या आधी आणि उतरल्यानंतर तिचं वजन दर वेळी मोजलं जात होतं. सगळ्या घरात ग्रॅमपर्यंत खात्रीचं वजन एकट्या तिचं होतं.

"अक्का, काल उतरताना किती भरलीस?"

"अडतीस, चारशे."

"त्यानंतर पाणी किती?"

"अर्ध्या लिटरच्या जरा वर. एक भाकर, वरण." तिला हिशेब पाठ होता. "कामून रं?"

"इथं उभी राहा."

ती चपला काढून उभी राहिली. काडीसारखे पाय, हातावर मशीनच्या सुयांच्या गाठी. आकडा फिरला आणि थांबला. एकोणचाळीस, शंभर.

काटा बरोबर होता.

डॉक्टर रागावले नाहीत. "सात महिन्यांत चौदा किलो. माझे निम्मे पेशंट एकही उतरवत नाहीत," ते म्हणाले. "पण चौऱ्याऐंशीच. मी सवलत दिली तर ती तुमच्या जिवावर दिलेली असेल. ऑगस्टमध्ये या." अक्का तोवर मशीनवर टिकेल का, हे व्यंकटीने विचारलं. टिकेल, पण जितकं लवकर तितकं चांगलं, असं ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर तो मनात आकडे मांडत होता. साडेतीन किलो. ते कुठे गेले हे त्याला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. साहेबरावांचा मुलगा मापाडी होणार म्हटल्यावर मोंढ्यात काहींनी तोंड वाकडं केलं होतं. हमालाच्या घरचं पोर, त्याच्या आकड्यावर कोण भरवसा ठेवणार. तेव्हा अण्णांनी त्याला शेजारी उभं करून शिकवलं होतं. काटा सांगेल तेच तोंडाने सांगायचं. व्यापाऱ्याचं तोंड बघायचं नाही, कास्तकाराचंही नाही.

लातूरला उतरताना अक्काने त्याचा हात धरला. "काय झालं ते सांगू नको. पण एवढं सांग. तू चोरून खाल्लंस का?"

"एकदा. भजी. दोन प्लेट."

"मग बास," ती म्हणाली. "दोन प्लेटीत चार किलो बसत न्हाईत."

गुरुवारी दुपारी तो मोंढ्यात आला. अण्णा काट्यामागे स्टुलावर बसले होते. व्यंकटीने चपला काढल्या, पण चढला नाही.

"अण्णा, नांदेडला एकोणनव्वद, सहाशे भरलं."

अण्णांनी मान हलवली, जणू हा आकडा त्यांना ठाऊकच होता. तो त्यांना ठाऊकच होता.

"हाव," ते म्हणाले. "गेल्या गुरुवारी इथं बी तेवढंच व्हतं."

पत्त्यांचा आवाज थांबला. लिंबाजी उठून जवळ आला.

"कवापासून?" व्यंकटीने विचारलं.

"तू चपला घालून आलास त्या दिवसापासून. उलट वाढलं व्हतं तवा. तुजी पाठ दिसूलालती मला. मला वाटलं, ह्यो आज उतरला की परत चढत न्हाई." अण्णांचा आवाज खाली आला. "म्हणलं एकदाच. पुढच्या येळेला खरं खाली येईल, तवा जुळवून घिऊ. पर ते हळूहळू यायचं, आन् एकदा खाली सांगितलेला आकडा वर कसा सांगू? तू नांदेडची वेळ घेतलीस, तवा सांगाया पायजे व्हतं. तोंड उघडलं न्हाई."

"आण्णा!" लिंबाजी खरोखर हबकला होता. "चाळीस वर्सं दाणा इकडचा तिकडं केला न्हाई तुम्ही."

"दाणा न्हाईच केला," अण्णा म्हणाले. "ह्याची चरबी केली." कुणी हसलं नाही. ते उठले. "व्यंकटी, तू आजपासून दुसऱ्या कुणाकडनं मोजून घे. मी तुज्या बहिणीचे दिस वाया घालवले."

व्यंकटी भिंतीकडे बघत होता. त्याला राग आणायचा होता. बसमध्ये त्याने तो दोन दिवस पुरेल इतका जमवला होता. पण भिंतीवरचे शेवटचे दहा आकडे बघताना त्याला त्या दहा आठवड्यांच्या पहाटा दिसत होत्या, नागुबाईच्या घागरी, दाराशी ठेवताना हिंदकळणारं पाणी. आकडे खोटे होते. घागरी त्याने खरोखर उचलल्या होत्या. त्र्याण्णववरून तो खरोखर खाली आला होता, फक्त भिंतीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने.

"पुसा ते," तो म्हणाला.

अण्णांनी कोपऱ्यातला गोणपाटाचा तुकडा घेतला. पुसायला पाणी नव्हतं, ते कुणी मागितलंही नाही. कोरड्या गोणपाटाने दहा आकडे घासून घासून पुसले. भिंतीवर पांढरा ढग उरला, त्याच्या वर पाच त्र्याण्णव आणि पार खाली एकटं चौऱ्याऐंशी.

"जुने आकडे आठवतात का? खरे?"

"सगळे," अण्णा म्हणाले.

"लिहा."

अण्णांनी लिहिले. ९३ वर २००. ९३. ९२ वर ८००. मधे एकदा वाढलं होतं, तेही लिहिलं. ओळ सावकाश, अडखळत खाली आली आणि ८९ वर ६०० पाशी थांबली. लिंबाजी ती बोटाने वाचत गेला आणि म्हणाला, "म्हंजे थांबलं न्हवतंच की हे. नुस्तं दमानं चाललं व्हतं."

व्यंकटी काट्याकडे आला. अण्णा बाजूला सरकले आणि आकड्यासमोरची जागा त्याला मोकळी करून दिली. तो क्षणभर तिथे उभा राहिला. मग काट्यावर चढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"पुकारा, अण्णा."

मागे अण्णा हातातला खडू लिंबाजीला देऊ लागले.

"घरचा माल मी कसा मोजू?" व्यंकटी म्हणाला. "तुम्हीच पुकारा."

अण्णा आकड्यासमोर आले. मग मोंढ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"नव्वद, तीनशे! बारदाना वजा. एकोणनव्वद, तीनशे!"

मंगळवारपेक्षा तीनशे ग्रॅम कमी. एवढ्यात एका माणसाची ओंजळभर तूर येते. अण्णांनी खडूने आकडा लिहिला. आकडा स्वच्छ होता. खालच्या चौऱ्याऐंशीपर्यंत अजून बरीच भिंत कोरी होती.

"जिल्ह्याचं काय म्हणतंय रं लिंबाजी?" अण्णांनी विचारलं.

"विचार चालू हाय म्हणं सरकारचा."

व्यंकटीने चपला घातल्या आणि अक्काला फोन लावला. ती मशीनवर होती; मागे यंत्राची घरघर येत होती.

"किती?" तिने विचारलं.

"एकोणनव्वद, तीनशे. खरं."

"बरं," ती म्हणाली. "मी चढताना चाळीस, शंभर व्हते. चोरून लिंबूपाणी पिले काल. तू बी कुणाला सांगू नको." मग जरा थांबून तिने विचारलं, "जेवलास का?"

"अर्धं," व्यंकटी म्हणाला.